घरटी एक माणूस

८ फेब्रुवारी

धाकटे,

तू म्हणशील, दादाला गरज पडली की पत्र येतं. तसंच आहे. गुडघा दुखतो, स्वयंपाकघरावरचं कौल सरकलंय, मुलगा ट्रक घेऊन गेला की वीस-वीस दिवस घराकडे फिरकत नाही, हे सगळं मी सोसतो. पण आता घरातच नवा व्याप उभा राहिलाय आणि तो सूनबाईनं उभा केलाय.

शाळेमागचं जुनं धान्याचं गोदाम तुला आठवत असेल. सहा वर्षं त्याला कुलूप आहे. सूनबाईच्या शिवणयंत्रापाशी बाया कपडे टाकायला येतात आणि बसून राहतात. बोलता बोलता त्यांनी ठरवलं की त्या गोदामात लहान मुलांसाठी खोली करायची. आया वीटभट्टीवर नाहीतर शेतात असताना मुलं तिथं राहतील, दोघी म्हाताऱ्या त्यांना सांभाळतील. याला कारण झालं ते असं. भट्टीवरच्या एका बाईची दोन वर्षांची चिमणी थंडीत खेळता खेळता गरम राखेत गेली. टाच भाजली. अजून पाय वाकडा टाकते. वाईट झालं, मी नाही म्हणत नाही. पण आपली छकुली तर दिवसभर माझ्या अंगाखांद्यावर असते. मग आपल्या घराला ही उठाठेव कशाला?

गावसभेच्या अध्यक्षांना ते गोदाम त्यांच्या मेहुण्याला द्यायचंय, खताची पोती ठेवायला. दर महिन्याच्या सहा तारखेला सभा असते, तिथं हे ठरणार. परवा सूनबाई सरळ सभेच्या दारात जाऊन उभी राहिली. दारावर शिपाई होता, म्हणजे माझ्या जागी आलेला नवा. तो दारावरच्या पाटीकडे बोट दाखवून म्हणाला, "वहिनी, घरटी एक माणूस. तुमच्या घरचं माणूस आत बसलंय."

ती म्हणाली, "बसलंय की झोपलंय?"

सगळी सभा हसली. मी झोपलो नव्हतो. फकत डोळे मिटले होते.

घरी आल्यावर तिनं चहा दिला, पण कप जरा जोरात ठेवला. अठ्ठावीस वर्षं मी त्या सभेचा शिपाई होतो, खुर्च्या मांडल्या, पाटी लिहिली, माझ्याकडे बोट दाखवून कोणी हसलं नव्हतं. बाईमाणसानं सभेत जायची आपल्याकडे रीत नाही, एवढं तिला तू लिही. तुझं ती ऐकते. हे पत्र लिहिल्याचं मात्र तिला कळू देऊ नको. पोस्टमन पाकीट उजेडाला धरून बघतो, म्हणून कागद दुहेरी घातलाय.

दादा

•

१६ फेब्रुवारी

दादा,

आधी शुद्धलेखन. 'फक्त', 'फकत' नव्हे. छापखान्यात एकतीस वर्षं लोकांची मुद्रितं तपासली, आता निवृत्त होऊन तुझी पत्रं तपासते. तू चौथीत तिसऱ्यांदा बसला होतास आणि मी दुसरीत असून तुला जोडाक्षरं घोटवत होते, तेव्हापासून हा क्त आपल्या दोघांच्या मानगुटीवर आहे.

सूनबाईला चार ओळी लिहिल्या. चारही ओळींत शाब्बासच लिहिलंय, दुसरं काही सुचलं नाही.

आता तुझं. एका ठिकाणी तू लिहितोस, घरटी एक माणूस. त्याच कागदावर खाली लिहितोस, बाईमाणसानं जायची रीत नाही. अरे, बाईमाणूस म्हणतोस त्यात माणूस आहे ना? मग दारात पोचेपर्यंत तो कुठं गळून पडतो?

आमच्याकडे लेखक आणि खिळे जुळवणारा जुळारी भांडायला लागले की मी एकच वाक्य बोलायचे, मूळ प्रत दाखवा. लेखक म्हणायचा, मी असं लिहिलंच नव्हतं. जुळारी म्हणायचा, असंच होतं. मूळ प्रत आली की दोघांपैकी एकाचं तोंड बंद व्हायचं. तेव्हा तू एवढं कर. सभेच्या कारकुनाकडे जा आणि हा नियम कुठल्या कागदावर, कोणाच्या सहीनं, कधी लिहिलाय ते बघून मला कळव. तू तिथला जुना माणूस, तुला कपाट उघडून देतील.

गुडघ्याला शेक दे आणि कौल कोणाकडून तरी बसवून घे. स्वतः शिडी चढू नको.

धाकटी

•

९ मार्च

धाकटे,

तुझं शाब्बास इथं पोचलं आणि त्याचा परिणामही झाला. या सहा तारखेला बावीस बाया सभेच्या खिडक्यांबाहेर येऊन बसल्या. सोबत मुलं. आत अध्यक्ष बोलायला लागले की बाहेर कोणाचं तरी मूल रडायचं. अध्यक्ष म्हणाले, "त्याला घरी न्या."

चिमणीची आई खिडकीतून म्हणाली, "घरी कोण आहे? त्याचसाठी तर आलोय."

अध्यक्ष तसे वाईट नाहीत, पण चारचौघांत कोणी उत्तर दिलं की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. त्यांनी सभा पुढं ढकलली. सूनबाई दारात उभी राहून म्हणाली, "ढकला, पण ती पाटी कुठल्या नियमानं लावलीय तो कागद पुढच्या वेळी दाखवा." हे शब्द तुझे आहेत हे मी ओळखलं. तू तिला तेही लिहिलंस का? माझ्या पाठीमागं तुम्ही दोघी पत्रं लिहिता, हे काही मला बरं वाटलं नाही.

कागदाचं काय घेऊन बसलीस? मी कारकुनाकडे गेलो होतो. त्याचं कपाट म्हणजे उंदरांचं माहेर. नियम जुना आहे, बाबांच्या वेळेपासूनचा. सगळ्या गोष्टी कागदावर नसतात. आपण उजव्या हातानं जेवतो, ते कुठं लिहिलंय?

भट्टीवाल्या बाया आता दुपारी आपल्या ओट्यावर मुलं आणून सोडतात. काल पाच होती. एकानं माझ्या चष्म्याची काडी मोडली. 

दादा

•

१४ मार्च

दादा,

बाबांच्या वेळेपासूनचा? तू काय लिहितोस हे तुला तरी कळतं का?

बाबांच्या वेळी सभा शाळेच्या पटांगणात भरायची. मी आईच्या कडेवर होते आणि तू तिचं बोट धरून होतास. आई उभी राहून सगळ्यांदेखत म्हणाली होती, "विहिरीचा दोर आणताना आम्हाला विचारा, तो आमच्या हातांना टोचतो." दुसऱ्या महिन्यात मऊ दोर आला. हे मला तूच दहा वेळा सांगितलंयस, मी तर तेव्हा धड बोलतही नव्हते. मग त्या सभेत आई काय होती? घरटी एक माणूस होती, की बाबांच्या शेजारची दुसरी?

म्हणजे नियम नंतरचा आहे. आणि नंतर म्हणजे सभागृह बांधलं तेव्हापासूनचा असणार. तेव्हा शिपाई तूच होतास. अध्यक्ष बदलले, कारकून बदलले, तू तिथंच होतास. कोणी सांगितलं, कोणी लिहिलं, तुला ठाऊक नसेल तर कोणाला असणार? आठव जरा. उंदरांवर ढकलू नको, त्यांनी कागद खाल्ला असेल, तुझं डोकं नाही.

धाकटी

•

२ एप्रिल

दादा,

तीन आठवडे झाले, पत्र नाही. शिडी चढलास का? दोन ओळी टाक.

धाकटी

•

११ एप्रिल

धाकटे,

शिडी चढलो नाही. तब्येत बरी आहे. म्हणजे बरी नाही, पण गुडघ्यामुळे नव्हे.

तुझं मार्चचं पत्र मी पिठाच्या डब्याखाली ठेवलं होतं. रोज काढून वाचायचो आणि परत ठेवायचो. आता एकदा लिहूनच टाकतो, नाहीतर सोमवारी लिहिलेलं पत्र मंगळवारी फाडायची सवय लागेल.

सभागृह नवीन होतं तेव्हा आत जेमतेम चाळीस खुर्च्या मावायच्या. त्या वेळचे अध्यक्ष, आता ते नाहीत, मला म्हणाले, "दाटी नको व्हायला. पाटीवर लिही, घरटी एक," आणि पुढं तो शब्द. माणसासाठी मोठा शब्द आहे ना, सरकारी कागदावर असतो तो. व्यकती. मी पाटीवर लिहायला घेतला. पहिल्यांदा क पुढं त काढला, वाचलं तर ते वेगळंच वाटलं. पुसलं. दुसऱ्यांदा त च्या पोटात क घातला. तो सापासारखा दिसला. पुसलं. तिसऱ्यांदा मास्तर बाजूनं जात होते. ते थांबले आणि नुसते हसले. ते गेल्यावर मी ओल्या फडक्यानं सगळं पुसलं आणि लिहिलं, माणूस. मनात म्हटलं, अर्थ एकच आहे.

अर्थ एकच होता, धाकटे. माझ्या मनात तरी एकच होता. पण पहिल्या सभेला सगळ्या घरांतून गडीच आले, बायकांनी वाचलं माणूस आणि त्या घरी राहिल्या. दुसऱ्या सभेला तेच. मी काय म्हणणार होतो? म्हटलं असतं तर सांगावं लागलं असतं की शब्द मला लिहिता आला नाही. पुढं सभागृह वाढवलं, आता निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. पाटी तीच राहिली. खडू पुसट झाला की मी वरून गिरवायचो. नवा शिपाईही तेच गिरवतो.

आता पुढचं, ते जास्त वाईट आहे. या सहा तारखेला सभेत अध्यक्षांनी सगळ्यांदेखत मला उभं केलं. म्हणाले, "आजोबा, तुम्ही इतकी वर्षं इथं होता. खिडकीतल्या मंडळींना सांगा, नियम आहे की नाही?" खिडकीत सूनबाई होती. तिच्या कडेवर आपली छकुली. सूनबाई माझ्याकडे बघत होती, जसं काही मी तिच्या बाजूनं बोलणारच आहे.

मी म्हणालो, "आहे."

एवढं बोललो आणि बसलो. खिडकीतला गलका थांबेना म्हणून गोदामाचा निर्णय सहा मेवर गेला, हात वर करून. सूनबाईनं घरी येऊन मला नेहमीसारखं जेवायला वाढलं. कप हळू ठेवला. तो जोरात ठेवला असता तर बरं झालं असतं.

हे पत्र वाचून जाळ.

दादा

•

१६ एप्रिल

दादा,

पत्र जाळलं नाही. आमच्या धंद्यात मूळ प्रत जाळत नाहीत.

मला खूप राग आलाय, तो आधी लिहिते म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. पाटीचं मी समजू शकते. आपल्यापैकी एकालाच मावशी शहरात नेणार होती आणि हिला न्या असं तू म्हणालास. मी शाळेत गेले, तू म्हशींमागं गेलास, आणि तुझा क्त तिथंच राहिला. त्याबद्दल मी तुला काही बोलणार नाही, माझ्या तोंडाला ते शोभत नाही. पण सहा तारखेचं काय? 'आहे' या शब्दात एकही जोडाक्षर नाही, दादा.

हसतील ही भीती तुला. हसू देत. इतकी वर्षं गावातल्या बायका घरी बसल्या, त्यांना कोणी हसलं नाही म्हणून ते बरं होतं का? आणि सूनबाईला हे दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत तू सांग. मी सांगणार नाही. मी तिला लिहिलेल्या पत्रांत तुझ्याबद्दल एकच वाक्य असतं, दादा घाबरट आहे पण खोटा नाही. त्यातलं दुसरं अर्धं मला खोडायला लावू नको.

सोबत एक कागद पाठवते. त्यावर तुझ्या त्या मोठ्या शब्दाच्या दहा ओळी काढून दिल्या आहेत. क आधी काढ. त्याची उजवीकडची शेपटी आखूड कर, इतकी की ती त च्या खांद्याला टेकेल. मग त. घाई करू नको. रोज एक ओळ गिरव.

सहा मेच्या आत बोल.

धाकटी

•

९ मे

धाकटे,

सहाच्या आत बोललो नाही. सहालाच बोललो. रोज म्हणायचो उद्या, आणि उद्या उजाडलं की छकुलीला आंघोळ घालायची असायची.

त्या दिवशी सकाळी सूनबाईला म्हणालो, "आपल्या घरचं माणूस तू. मी बाहेर मुलं धरतो." तिनं माझ्याकडे बघितलं, टेपपट्टी गळ्यातून काढली आणि विचारलं, "आणि दारात काय सांगू?" मी म्हणालो, "मी येतो ना."

तिनं आधीच इतर घरांशी बोलणं केलं होतं. अकरा घरांतून त्या दिवशी बाया आल्या, त्यांचे गडी घरी थांबले. काही आनंदानं, काही शेजारच्यांच्या तोंडाला कंटाळून. दारात शिपाई आडवा झाला. "वहिनी, माणूस पाठवा." आतून अध्यक्ष म्हणाले, "आजोबांनी मागं सांगितलंय सगळ्यांना, नियम आहे."

माझ्या दोन्ही हातांत दोन मुलं होती, तिसरं धोतराला. मी खिडकीतूनच बोललो. म्हणालो, "अध्यक्ष, नियम नाही. मागच्या वेळी मी खोटं बोललो. मला तो मोठा शब्द लिहिता येत नव्हता म्हणून मी माणूस लिहिलं. कागद शोधू नका, कागद नाहीच. ते माझं अडाणीपण आहे, त्याला तुम्ही इतकी वर्षं नियम म्हणताय."

 सगळे हसले, तू लिहिलं होतंस तसेच. कोणीतरी म्हणालं, "म्हातारबा, बरं झालं तुम्ही पाटीवर म्हैस नाही लिहिलं, आम्हाला म्हशी आणाव्या लागल्या असत्या." कारकुनानंही मान हलवली, की कागद त्यालाही कधी सापडला नव्हता. अध्यक्षांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते म्हणाले, "वहिवाट म्हणजे नियमच. पण आल्याच आहेत तर आजच्यापुरतं बसू द्या." त्या अकराजणी आत गेल्या. सूनबाई माझ्याच खुर्चीत बसली. 

आता ऐक. हात वर झाले. मुलांच्या खोलीसाठी सतरा, मेहुण्याच्या पोत्यांसाठी एकोणीस. गोदाम वर्षभरासाठी पोत्यांना गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर आला. शाळेची पोरं नाक धरून जातात.

तू म्हणशील, दोनच हात कमी पडले, पुढच्या वर्षी बघू. मीही तसंच म्हणायला गेलो. पण भट्टी एप्रिलच्या शेवटी बंद झाली. भट्टीवरची तीन घरं काम शोधत दुसरीकडे निघून गेली. तिन्ही घरांतल्या बाया खिडकीत बसणाऱ्या होत्या. चिमणीची आई त्यातच. निघताना ती सूनबाईला टाका घालायला दिलेला फ्रॉक घ्यायला आली होती, चिमणी मागून तिरकी तिरकी चालत होती. सहा एप्रिलला मी 'नियम नाही' म्हणालो असतो तर त्याच दिवशी हात वर झाले असते आणि त्या तिघी आत असत्या. सतरा आणि तीन किती होतात, एवढं चौथीपर्यंत शिकवतात.

सूनबाईलाही ही बेरीज येते. तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. चहा घ्या, औषध घ्या, छकुली झोपली का.  ओट्यावर मुलं येतातच, आता आठ आहेत. बाया म्हणतात, गोदाम मिळेपर्यंत आजोबांचा ओटा. कोणी मला विचारलेलं नाही. एक जण तर येताना चटई घेऊन आली आणि इथंच ठेवून गेली.

आज सकाळी झालं ते सांगतो आणि थांबतो. तुझा दहा ओळींचा कागद संपल्यावर मी सूनबाईच्या मापाच्या कागदांवर गिरवत होतो. ती ज्याच्यावर ब्लाउजची मापं काढून कापते, तो जाड तपकिरी कागद. मला वाटलं, ते टाकाऊ आहेत. नव्हते. आज तिनं एक बाही कापायला कागद उलगडला आणि आतून माझे शब्द निघाले, वीसेक असतील, काही साप, काही बरे. मी ओट्यावरून बघत होतो. आता ओरडणार, म्हणून मुलांना जवळ घेतलं.

तिनं कात्री खाली ठेवली आणि कपड्यावर खुणा करायचा खडू घेऊन काहीतरी लिहिलं. मग तो कागद आणून माझ्या मांडीवर टाकला आणि यंत्रावर जाऊन बसली. माझ्या शेवटच्या ओळीखाली तिनं लिहिलं होतं, 'बाबा, आता बरोबर आलाय. जूनच्या सभेची पाटी तुम्हीच लिहायची. शिपायाला सांगितलंय.'

तो काय म्हणाला आणि अध्यक्षांना विचारलं का, हे मी विचारलं, तर यंत्राचा आवाज करत ती म्हणाली, "वहिवाट मोडायला परवानगी लागते का?"

सहा जूनला पाटी. सकाळी लवकर जाईन, म्हणजे मास्तर बाजूनं जायच्या आत होईल. खडू आणलाय, फडका भिजवून बघितला, पाणी गळत नाही. चष्म्याच्या काडीला दोरा बांधलाय. शब्द पाठ आहे.

फक्त हात कापतो.

दादा